संग्रहित छायाचित्र

मराठी वृत्तपत्रांत रोज छापले जाणारे दोन शब्द आहेत, आणि वाचकाची नजर त्यांच्यावर कधी थांबत नाही. फोटोच्या खाली, कोपऱ्यात, बारीक टाइपात: 'संग्रहित छायाचित्र'. काही वर्षं मी एका दैनिकाच्या रविवार पुरवणीचं काम पाहत होतो. तेव्हा हे शब्द मीही कितीतरी वेळा लिहिले. घाईत, विचार न करता, जागा भरायची म्हणून.

२०१६ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पाणी नेलं जात होतं. त्या दिवसांत मराठवाड्यातल्या एका तरुण फोटोग्राफरला आमच्या डेस्कवरून फोन गेला. तो नोकरीत नव्हता. फोन आला की मोटारसायकलला किक मारायची आणि निघायचं, असं त्याचं काम. तो एक अख्खा दिवस उन्हात फिरला आणि रात्री दहा-बारा फ्रेम पाठवल्या. त्यातली एक आम्ही मोठी छापली: आटलेल्या विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरणारी बाई, आणि वर काठावर दोर धरून उभी तिची मुलगी. फोटोखाली त्याचं नाव होतं. पुढच्या वर्षी टँकरच्या बातमीसोबत तोच फोटो पुन्हा लागला. नावाच्या जागी 'संग्रहित छायाचित्र' आलं. त्यापुढच्या वर्षी पाणीपट्टीच्या बातमीला तोच. पैसे मात्र त्याला एकदाच मिळाले, तेही दिवाळीच्या तोंडावर.

संग्रह कोणाचा, हा प्रश्न त्याने मला कधी विचारला नाही. मीही स्वतःला विचारला नाही. आज विचारतो आहे, कारण फ्रीलान्स वृत्तछायाचित्रकारांवरच्या अन्यायाची चर्चा आपण बहुतेक वेळा चुकीच्या ठिकाणी सुरू करतो. अमुक मालक चिकट, तमुक संपादक माणूस म्हणून चांगला, असं बोलत राहतो. चांगले संपादक मी पाहिले आहेत. त्यांच्याही हाताखाली हेच घडलं. म्हणून खोट शोधायची तर ती माणसांच्या स्वभावापेक्षा कायद्याच्या दोन-तीन शब्दांत आणि त्या शब्दांपुढे एकट्याने उभं राहावं लागण्यात शोधायला हवी.

गांधीजींच्या दोन फोटोग्राफरांकडे बघू. चरख्यामागे बसून वाचणारे गांधीजी हा फोटो आपल्या डोळ्यांसमोर लगेच येतो. तो १९४६ मध्ये मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी काढला. त्या अमेरिकेच्या 'लाइफ' साप्ताहिकाच्या पगारी फोटोग्राफर होत्या. पगार, प्रवासखर्च, फिल्म, विमा, मागे उभी असलेली बलाढ्य कंपनी, सगळं त्यांना होतं. बदल्यात फोटो 'लाइफ'चा झाला. पुढच्याच वर्षी आंरी कार्तिये-ब्रेसाँ भारतात आले. ३० जानेवारी १९४८ रोजी, हत्येच्या थोडाच वेळ आधी, ते गांधीजींना भेटले होते. नंतरची अंत्ययात्रा त्यांनी टिपली. ते फोटोही 'लाइफ'ने छापले. पण 'लाइफ'ने ते वापरण्यापुरते घेतले. मालकी कार्तिये-ब्रेसाँ यांच्याकडेच राहिली, कारण १९४७ साली रॉबर्ट कापा, डेव्हिड सेमूर, जॉर्ज रॉजर आणि त्यांनी मिळून 'मॅग्नम' नावाची सहकारी संस्था काढली होती आणि तिचा पायाच हा होता: फोटो काढणाऱ्याचा. मासिकं येतील, वापराचे पैसे देतील, निगेटिव्ह आपल्याकडे परत येईल.

हा सौदा फुकटचा नव्हता. १९५४ च्या मे महिन्यात मॅग्नमचे वेर्नर बिशोफ पेरूमध्ये अपघातात गेले, आणि काही दिवसांतच 'लाइफ'साठी इंडोचायनात गेलेल्या कापांचा पाय सुरुंगावर पडला. स्वातंत्र्याच्या बदल्यात जोखीम स्वतःच्या अंगावर घेणं म्हणजे काय, हे त्या छोट्या संस्थेने अवघ्या सात वर्षांत पाहिलं. तरीही दोन्ही वाटांत काहीतरी हिशेब होता. बर्क-व्हाइट यांनी मालकी देऊन सुरक्षितता घेतली. कार्तिये-ब्रेसाँ यांनी सुरक्षितता सोडून मालकी ठेवली. लातूरकडच्या त्या तरुणाच्या हाती दोन्हींपैकी काय होतं?

आपला स्वामित्व हक्क कायदा १९५७ चा. त्याचं कलम १७ वाचताना मी पहिल्यांदा दचकलो, आणि आपण काहीतरी चुकीचं वाचतोय असं वाटून पुन्हा वाचलं. वृत्तपत्राच्या नोकरीत असलेल्या माणसाने नोकरीचा भाग म्हणून लिहिलं किंवा फोटो काढला, तर वृत्तपत्रात प्रसिद्ध करण्यापुरता हक्क मालकाचा. बाकी सगळ्या बाबतींत पहिला हक्क कर्त्याचा. करारात वेगळं ठरलं नसेल तर, ही अट अर्थातच आहे. आता पुढचा भाग. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल, तर वेगळा करार नसताना त्या फोटोचा पहिला मालक सांगणारा. म्हणजे, करारात काही नसेल तर, पगार घेणाऱ्या फोटोग्राफरकडे हक्काचा काही भाग तरी उरतो, आणि असाइनमेंटवर गेलेल्या फ्रीलान्सरकडे तोही उरत नाही. ज्याला नोकरी नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, आजारपणाची रजा नाही, त्याच्याच हातून मालकीही जाते. लेखकाचं तसं होत नाही. मी उद्या एखाद्या मासिकाच्या सांगण्यावरून, पैसे घेऊन लेख लिहिला तर लेख माझाच राहतो. त्याच असाइनमेंटवर माझ्याबरोबर आलेल्या फोटोग्राफरचा फोटो मात्र मासिकाचा होतो. एकाच गाडीतून गेलो, एकाच ढाब्यावर जेवलो, एकाच घराच्या ओसरीवर बसलो, तरी.

याच कायद्याचं कलम १९ सांगतं की हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी, सहीनिशी द्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर तो पाच वर्षांपुरता धरला जातो. उत्तम तरतूद आहे. पण ती ज्याच्याकडे हक्क आहे त्याच्या कामाची. स्वतःहून फिरताना फोटो काढून नंतर विकणाऱ्या फोटोग्राफरकडून वृत्तपत्राला कागदाशिवाय मालकी मिळत नाही. पण डेस्कवरून गेलेला एक फोन, 'जरा जाऊन ये आणि फोटो पाठव', एवढ्यावर ती कागदाशिवाय मिळते. कलम ५७ थोडा आधार देतं: हक्क गेला तरी 'हे माझं काम' असं म्हणण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. नाव पुसून 'संग्रहित' लिहिताना आपण कशाला हात लावत होतो, हे डेस्कवर कुणी मला सांगितलं नव्हतं.

सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा मालक सांगणारा, हे वळण ब्रिटिश कायद्याचं. त्यामागे चित्र दिसतं ते स्टुडिओत जाऊन कुटुंबाचा फोटो काढून घेणाऱ्या गिऱ्हाइकाचं. आपल्या आजीच्या फोटोवर फोटोवाल्याने हक्क सांगू नये, ही त्यातली रास्त भावना. ब्रिटनने हे वळण १९८८ च्या कायद्याने सोडलं: मालकी फोटोग्राफरला दिली, आणि घरगुती फोटोंपुरतं गिऱ्हाइकाच्या खासगीपणाला वेगळं संरक्षण दिलं. कॅनडात हेच २०१२ मध्ये झालं, आणि तिथे ते आपोआप झालं नाही. व्यावसायिक छायाचित्रकारांच्या दोन संघटनांनी आघाडी करून ती मागणी वर्षानुवर्षं लावून धरली होती.

२०१२ हे साल आपल्याकडेही महत्त्वाचं आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात आपल्या संसदेने याच कायद्यात मोठी दुरुस्ती केली. चित्रपटगीतांचे कवी आणि संगीतकार एकदा पैसे घेऊन कायमचे हक्क लिहून देत असत; या दुरुस्तीने रॉयल्टीतला त्यांचा वाटा कुणाला लिहून घेता येणार नाही असा केला. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते. म्हातारपणी हलाखीत गेलेल्या कलावंतांची बाजू त्यांनी सभागृहात मांडली, आणि त्यामागे मुंबईतल्या गीतकार-संगीतकारांनी निर्मात्यांचा रोष पत्करून दिलेला लढा होता. फोटोला त्या दुरुस्तीतून काय मिळालं? संरक्षणाची मुदत वाढली. आधी ती प्रसिद्धीपासून ६० वर्षं होती, आता कर्त्याच्या हयातीनंतर ६० वर्षं. पण सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक सांगणारा, हे वाक्य जागचं हललं नाही. ज्या फोटोवर आपला हक्कच नाही त्याची मुदत वाढून फ्रीलान्सरने काय करायचं? गीतकारांचा प्रश्न आणि फोटोग्राफरांचा प्रश्न एकाच कलमात शेजारी शेजारी बसले होते. एकाला आवाज होता.

माझं म्हणणं इथे येऊन ठेपतं. फ्रीलान्स वृत्तछायाचित्रकारांच्या संघटनेचं पहिलं काम कराराचं आणि कायद्याचं आहे. प्रदर्शनं, स्पर्धा, जागतिक छायाचित्रण दिनाचा सत्कार, हे सगळं व्हावं. मी अशा समारंभांना आनंदाने गेलो आहे. पण सत्कारातली शाल पुढच्या महिन्याचं थकलेलं बिल वसूल करत नाही.

आपल्याकडच्या पत्रकार संघटनांना कमी लेखायचा माझा हेतू नाही. एप्रिल २०२० मध्ये मुंबईत पत्रकारांसाठी करोना चाचणीचं शिबिर घेतलं गेलं. १७१ जणांची तपासणी झाली आणि त्यांतले ५३ बाधित निघाले. त्यांत रस्त्यावर उतरणारे कॅमेरामन आणि फोटोग्राफर मोठ्या संख्येने होते, कारण बातमी घरून लिहिता येते, फोटो घरून काढता येत नाही. ते शिबिर पत्रकार संघटनेच्या खटपटीमुळे झालं. महाराष्ट्राचा २०१७ चा पत्रकार संरक्षण कायदाही असाच. पत्रकार हल्लाविरोधी कृती समितीने वर्षानुवर्षं मोर्चे, धरणी, निवेदनं केली तेव्हा तो झाला. पण आता त्या कायद्यातली माध्यमकर्मीची व्याख्या वाचा. वृत्तछायाचित्रकार त्यात आहे, फक्त तो नियमित किंवा कंत्राटी पद्धतीने नेमलेला असला पाहिजे. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्यातही वृत्तछायाचित्रकार होता. तोही नोकरीस असलेला. २०२० च्या श्रमसंहितेने तो कायदा आपल्या पोटात घेतला आणि डिजिटल माध्यमांची भर घातली. 'नोकरीस असलेला' हे शब्द तसेच राहिले. मोर्चात फ्रीलान्सरही चालला असणार, फोटोही त्यानेच काढले असणार, पण कायदा झाला तेव्हा तो उंबऱ्याबाहेर राहिला.

फ्रान्सने हा उंबरा १९७४ मध्येच काढून टाकला. त्या वर्षीच्या कायद्याने ठरवलं की तुकड्यांवर पैसे घेणारा व्यावसायिक पत्रकार, आणि त्यात वृत्तछायाचित्रकारही आला, हा नोकरीतच आहे असं गृहीत धरायचं. तो नोकरीत नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर. आयर्लंडने २०१७ मध्ये वेगळी वाट घेतली. फ्रीलान्सर हे छोटे व्यावसायिक, त्यांनी एकत्र येऊन दर ठरवले तर ती व्यापारी संगनमताची बाब ठरते, असा स्पर्धा कायद्याचा अडसर होता. तिथल्या संसदेने फ्रीलान्स पत्रकारांना त्यातून सूट दिली आणि सामूहिक वाटाघाटीचा हक्क दिला.

अमेरिकेतला एक प्रसंग मला जास्त शिकवून गेला, म्हणून त्यावर थोडा थांबतो. टॅक्सी ॲपच्या चालकांना कर्मचाऱ्याचे हक्क मिळावेत म्हणून कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदा केला. हेतू चांगला. पण त्यात फ्रीलान्स लेखक आणि फोटोग्राफर यांच्यासाठी एक मर्यादा घातली: एका प्रकाशनाला वर्षाला ३५ पेक्षा जास्त वेळा काम दिलं तर तो फ्रीलान्सर राहणार नाही. कायदा करणाऱ्यांना वाटलं, मग वृत्तपत्र त्याला नोकरी देईल. वृत्तपत्रांनी उलट हिशेब केला. व्हॉक्स मीडिया या कंपनीने तर कायदा लागू होण्याआधीच आपल्या क्रीडा संकेतस्थळांसाठी लिहिणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या सुमारे दोनशे फ्रीलान्सरांचं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा वृत्तछायाचित्रकारांची राष्ट्रीय संघटना लेखकांच्या संघटनेबरोबर न्यायालयात गेली. श्रमिकांच्या बाजूचा म्हणून मिरवणाऱ्या कायद्याविरुद्ध श्रमिकांची संघटना उभी राहते, हे दृश्य अवघड होतं, आणि तिच्यावर टीकाही झाली. न्यायालयात तिला यश आलं नाही. पण बाहेर दबाव वाढला, आणि सप्टेंबर २०२० मध्ये ३५ ची मर्यादा रद्द झाली. तिच्या जागी एक अट आली, आणि मला ती सगळ्यांत मोलाची वाटते: फ्रीलान्सर म्हणून काम द्यायचं तर लेखी करार हवा, त्यात दर लिहिलेला हवा, हक्क कोणाचे ते लिहिलेलं हवं, पैसे कधी देणार ती मुदत लिहिलेली हवी. चार ओळींचा कागद पुरेल. न्यूयॉर्क शहरातही २०१७ पासून ८०० डॉलर किंवा त्याहून जास्त रकमेच्या कामाला असा कागद लागतो. मुदत ठरलेली नसेल तर काम संपल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात.

यावरून मी एवढंच घेतो की फ्रीलान्सरांच्या भल्याचा कायदा त्यांना विचारल्याशिवाय करू नये, आणि विचारायचं तर कुणाला, हे ठरण्यासाठी संघटना लागते.

आपल्याकडे असा कायदा नाही, पण हाताशी असलेलं एक हत्यार गंजत पडलं आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा २००६ चा कायदा सेवा देणाऱ्या एकट्या माणसालाही लागू होऊ शकतो. छायाचित्रण हा व्यवसाय म्हणून 'उद्यम' नोंदणी केली, की खरेदीदाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर मुदत पंधराच दिवसांची. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट, चक्रवाढ व्याज. २०२३ च्या वित्त कायद्याने आणखी एक कळ फिरवली: अशा छोट्या पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च प्राप्तिकरात दाखवता येत नाही. हे वाचून एकटा फोटोग्राफर मात्र खूश होणार नाही. तो म्हणेल, तक्रार केली तर पुढचा फोन येणार नाही. बरोबर आहे त्याचं. म्हणून नोंदणी शंभर जणांनी एकत्र करायची, आणि थकबाकीचं पत्र माणसाच्या नावाने जायच्याऐवजी संघटनेच्या नावाने जायचं.

'मानधन' हा आपला शब्दही गप्प राहण्याच्या या सवयीला हातभार लावतो. मजुरी म्हटलं की किमान दर, तास, थकबाकी हे शब्द मागोमाग येतात. मानधन म्हटलं की मागणाऱ्याचीच मान खाली जाते.

आता न्यायाची दुसरी बाजू. फोटो काढण्याचा खर्च कोण सोसू शकतो, यावर कोणते फोटो निघतात हे ठरतं. कॅमेरा स्वतःचा, लेन्स स्वतःची, पेट्रोल स्वतःचं, आणि बिल पाच महिन्यांनी. हे पाच महिने कोण थांबू शकेल? ज्याच्या घरी दुसरी मिळकत आहे तो. वस्तीतला, पाड्यावरचा, ऊसतोडीच्या फडावर वाढलेला मुलगा किंवा मुलगी थांबू शकत नाही. ते लग्नाच्या ऑर्डरी घेतात, आणि ज्या जगण्याला ते सगळ्यांत जवळून ओळखतात ते जगणं शहरातून आलेला कुणीतरी दीड दिवसात टिपून जातो. अकोल्याकडून मुंबईला आलेल्या सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जे फोटो काढले, त्यांत गटारात उतरणारा माणूस कुणाच्या दयेचा विषय होत नाही. तो घरी परततो, मुलांत बसतो, दारू पितो, हसतो. असं बघता येण्यासाठी वर्षं लागतात, आणि वर्षं घालवण्याची सोय प्रत्येकाला नसते.

बायकांचं तर विचारूच नका. होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. सुरुवातीला 'बॉम्बे क्रॉनिकल'ने त्यांच्या फोटोंना प्रत्येकी एक रुपया दिला, आणि त्या काळात त्यांचे फोटो पतीच्या नावावर छापले जात. पुढे स्वातंत्र्याचा सारा उजाडता काळ त्यांनी टिपला. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं तेव्हा त्या ९७ वर्षांच्या होत्या. हा काळ मागे पडला असं समजू नये. वर्ल्ड प्रेस फोटोच्या २०१५ च्या पाहणीत शंभरावर देशांतल्या १,५५६ छायाचित्रकारांनी उत्तरं दिली. त्यांतले सुमारे ८५ टक्के पुरुष होते. 'विमेन फोटोग्राफ' ही संस्था २०१७ मध्ये निघाली आणि तिने एक साधं काम हाती घेतलं: मोठ्या वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावरचे फोटो कुणाचे आहेत, ते रोज मोजायचं. 'आम्हाला बायका फोटोग्राफर मिळतच नाहीत' असं म्हणणाऱ्या संपादकांसमोर तिने नावांची यादीही ठेवली. आपल्याकडच्या एखाद्या संघटनेने मराठी दैनिकांच्या पहिल्या पानांची अशी एक महिन्याची मोजणी करावी. नावाशिवाय छापलेले फोटोही मोजावेत.

संघटना आहे म्हणजे ती न्यायीच असेल, असं मी मानत नाही. मॅग्नमच्या दारातून आत यायला अनेक दशकं बायकांना आणि युरोप-अमेरिकेबाहेरच्यांना फार वाट पाहावी लागली. रघू राय यांचं नाव कार्तिये-ब्रेसाँ यांनी १९७७ मध्ये सुचवलं, ही आपल्या अभिमानाची गोष्ट, पण ती लक्षात राहते कारण ती दुर्मीळ होती. आपल्याकडच्या संघटनांतही सदस्यत्वासाठी नियुक्तिपत्र मागितलं जातं, तेव्हा नेमकी ज्याला संघटनेची गरज आहे तोच परत जातो. अधिस्वीकृतीचंही तसंच. केंद्र सरकारच्या २०२२ च्या नियमांत पूर्णवेळ पत्रकाराला पाच वर्षांचा अनुभव लागतो, फ्रीलान्सरला पंधरा. तिप्पट उन्हं खाल्ल्यावर कुठे तो पत्रकार.

हे ओळखपत्राचं प्रकरण किरकोळ वाटत असेल तर कामरान युसूफ यांची गोष्ट पाहावी. काश्मीरच्या पुलवामातले हे विशीतले फ्रीलान्स वृत्तछायाचित्रकार सप्टेंबर २०१७ मध्ये पकडले गेले. राष्ट्रीय तपास संस्थेने त्यांच्यावर दगडफेकीचा आणि त्याहून गंभीर कटाचा आरोप ठेवला. आरोपपत्रात एक युक्तिवाद असाही होता की तो खरा पत्रकार असता तर त्याने सरकारी विकासकामं, उद्घाटनं, रक्तदान शिबिरं यांचंही वार्तांकन केलं असतं. कोण खरा पत्रकार, हे आता तपास यंत्रणा ठरवणार होती, कारण कामरान यांच्या बाजूने ते ठामपणे सांगणारं नियुक्तिपत्र कुणाकडेच नव्हतं. काश्मिरातल्या पत्रकारांच्या संघटना आणि आंतरराष्ट्रीय संस्था त्यांच्यासाठी बोलत राहिल्या. मार्च २०१८ मध्ये जामीन मिळाला. मार्च २०२२ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं. मधली साडेचार वर्षं कोणत्या बिलात लावायची?

बिलांची चिंता मोठ्या नावालाही सुटत नाही. फोटोग्राफर केव्हिन कार्टर यांचा मूल आणि गिधाडाचा फोटो आपल्याकडे व्हॉट्सॲपवर अजून फिरतो. त्याखाली लोक लिहितात की फोटोग्राफरने मुलाला वाचवलं नाही आणि पश्चात्तापाने जीव दिला. जुलै १९९४ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं हे खरं. त्यांनी मागे ठेवलेल्या चिठ्ठीत डोळ्यांसमोरून न हटणारे मृतदेह आहेत, हेही खरं. पण त्या चिठ्ठीत घरभाडं, देणी, मुलीच्या खर्चाचे पैसे यांचाही उल्लेख होता. ही बाजू बोधकथेत बसत नाही, म्हणून गळून गेली. जगातला मोठा पुरस्कार मिळाल्यानंतर काही महिन्यांत एक फ्रीलान्सर भाड्याच्या चिंतेत होता, हे सांगितल्याशिवाय मला तो फोटो आता बघवत नाही.

डेस्कवरचे मित्र मला दोन गोष्टी विचारतील. पैसा कुठून आणायचा? जाहिराती आटल्या, कागद महागला, जिल्हा आवृत्त्या बंद पडताहेत. मला हे माहीत आहे, त्या ताळेबंदांसमोर मीही बसलो आहे. पण नाव छापायला पैसे लागत नाहीत. मालकी फोटोग्राफरकडे ठेवायला लागत नाहीत. चार ओळींच्या कागदाला लागत नाहीत. आणि बिल पाच महिने थकवणं ही काटकसर म्हणता येत नाही; सगळ्यांत गरीब माणसाकडून घेतलेलं ते बिनव्याजी कर्ज आहे.

दुसरं, आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, फोटो फुकट येतात. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा तिथल्याच दानिएल मोरेल यांनी ढिगाऱ्यांतून फिरत काढलेले फोटो ट्विटरवर टाकले. दुसऱ्याच कुणीतरी ते आपले म्हणून फिरवले, एएफपी वृत्तसंस्थेने ते त्या दुसऱ्याच्या नावाने उचलले आणि गेटीमार्फत जगभर विकले. मोरेल यांनी हरकत घेतल्यावर न्यायालयात आधी वृत्तसंस्थाच गेली. जवळपास चार वर्षांनी, नोव्हेंबर २०१३ मध्ये, ज्यूरीने त्यांना सुमारे १२ लाख डॉलर देवविले. फुकट आलेला फोटो कुणाचा, कुठला, कधीचा, हे विचारायला कुणी उरलं नाही की काय होतं, ते या प्रकरणात दिसतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर सेबॅस्टियन डिसोझा यांनी काढलेला कसाबचा फोटो न्यायालयात उभा राहिला, कारण हा मी, याच ठिकाणी, याच वेळी काढला, असं सांगायला माणूस साक्षीच्या पिंजऱ्यात आला होता.

गेल्या मे महिन्यात तो विहिरीचा फोटो मला पुन्हा दिसला. आता दुसऱ्याच जिल्ह्यातल्या टंचाईच्या बातमीला लावलेला. मी त्या फोटोग्राफरला फोन केला. त्याचा आता तालुक्याच्या गावी स्टुडिओ आहे, लग्नं आणि बारशी करतो. मागे बँडचा आवाज येत होता. मी ओशाळून विषय काढला. त्या वेळच्या पैशांचं, नावाचं काहीतरी बोललो. तो म्हणाला, "ते जाऊ द्या सर. गावाचं नाव तरी बरोबर छापलंय का? ती पोरगी आता नर्सिंगला आहे. तिनं मागं विचारलं होतं, आमच्या विहिरीचा फोटो दुसऱ्या गावाचा म्हणून का छापतात."

मी पान पुन्हा उघडून पाहिलं. गावाचं नाव नव्हतं. साल नव्हतं. कोपऱ्यात दोन शब्द होते.